कापसाचे तारे आणि एक काळा कोट

समोरच्या शाळेत गॅदरिंगच्या तालमी सुरू झाल्या आहेत. दुपारी तीनला लाउडस्पीकर लागतो, कोणीतरी ‘हॅलो, हॅलो’ करत माइकवर टिचक्या मारतं आणि माझी झोप गेलीच म्हणून समजा. मी चिडते. ‘या पोट्ट्यांना अभ्यास-बिभ्यास आहे की नाही?’ असं सुनेला ऐकवते. आणि मग खुर्ची ओढून त्याच खिडकीत बसते, संध्याकाळ होईपर्यंत. सून हसते. हसू दे.

जानेवारीचं हे असंच आहे माझं. ऊन पातळ होतं, बाजारात तुरीच्या ओल्या शेंगा येतात, आणि मी वयाने अठ्ठ्याहत्तरची असले तरी मनाने अकरावी मॅट्रिकच्या वर्गात जाऊन बसते. तेव्हाच्या अमरावतीत या दिवसांत कापूस नुसता गाड्यांमधून येत नव्हता, हवेतूनही यायचा. जिनिंग गिरणीचा भोंगा झाला की थोड्या वेळाने बारीक तंतू तरंगत यायचे. केसांत अडकायचे, वाळत घातलेल्या पापडांवर बसायचे, आईच्या निरशा दुधावरसुद्धा एखादा पोहताना दिसायचा. शाळेत फळ्यावर बाई काहीतरी लिहीत असायच्या, आणि उन्हाच्या तिरपीत तो पांढरा धागा खाली यायचं नावच घ्यायचा नाही. मी त्याच्याकडे बघत राहायची. भूमिती राहिली ती तिथेच.

तर सांगत काय होते? ईराची मालिका. ईरा म्हणजे माझी नात, कॉलेजात आहे. दर शुक्रवारी संध्याकाळी ती टीव्हीपुढे बसते आणि मला भाजी निवडायला सोबत बसवते. अंतराळातली गोष्ट आहे. एक कप्तान आहे, त्याचा सगळा ग्रह कोणीतरी जाळून टाकलेला. बायको, लेकरं, गाव, सगळं गेलं. तेव्हापासून तो त्या जाळणाऱ्याच्या मागे आकाश पालथं घालतो आहे. सहा भाग नुसता पाठलाग झाला. सातव्या भागात सापडला एकदाचा. सापडला तर कोण? एक वाकलेला म्हातारा, वाफ्याला पाणी देत उभा. तो सांगतो की त्या दिवशी तुमच्याकडून उजेडाचे लोट येताना दिसले, मला वाटलं हल्ला झाला, मी माझी माणसं वाचवायला बटण दाबलं. आणि कप्तानाला आठवतं, त्या दिवशी त्यांच्याकडे दिव्यांचा सण होता. म्हाताऱ्याच्या छातीवर रोखलेलं यंत्र, कप्तानाचा अंगठा बटणावर, आणि तिथेच भाग संपला.

‘आजी, दाबायलाच पाहिजे ना?’ ईरा तावातावाने म्हणाली. ‘सॉरी म्हटलं की झालं का? अख्खा ग्रह गेला त्याचा!’

माझ्या हातात मेथीची जुडी तशीच राहिली. मी म्हटलं, ‘बघू पुढच्या शुक्रवारी.’ दुसरं काय म्हणणार? मी तो अंगठा ओळखत होते. सोळाव्या वर्षी माझाच होता तो.

आमच्या वेळी टीव्ही कुठला आला? पण चौसष्ट सालच्या गॅदरिंगमध्ये आमच्या शाळेत टीव्ही होता, हे मी शपथेवर सांगते. आमच्या सायन्सच्या बाई सुट्टीत भावाकडे दिल्लीला गेल्या होत्या आणि तिथे त्यांनी टेलिव्हिजन पाहिला होता. परत आल्या त्या डोक्यात वारं घेऊनच. सुताराकडून चौकट करून घेतली, एका माणसाच्या उंचीची. बाजूंना जिनिंगमधलं बारदान ठोकलं, पुढे पातळ मलमल ताणली, खाली रंगवलेली दोन मोठी बटणं लावली. आत आम्ही मुली. पाठीमागे काळी घोंगडी, आणि तिच्यावर कापसाचे पुंजके टाचलेले. तेच आमचे तारे. कंदील मागून धरला की मलमलीतून आम्ही अशा धुरकट, हलत्या दिसायचो की मुख्याध्यापिकाबाई तालमीतच म्हणाल्या, ‘अगोबाई, हे तर आकाशातलंच वाटून राहिलं!’

त्या पेटीचा वास अजून नाकात आहे. बारदानाचा, सरकीच्या तेलाचा, रॉकेलचा. आत बसलं की बाहेरचं जग मलमलीपलीकडे विरघळून जायचं. मी एका दूरच्या ताऱ्याची राणी होते. पृथ्वीवरच्या एका शास्त्रज्ञ बाईच्या यंत्रामुळे माझा समुद्र आटला होता, आणि मी तिला शोधत आले होते. हातात किरणयंत्र, म्हणजे जांभळा पतंगी कागद लावलेली बॅटरी. शास्त्रज्ञ होती विमल. विमल म्हणजे माझी पहिलीपासूनची मैत्रीण, आमच्या गल्लीपलीकडे राहणाऱ्या वकिलांची एकुलती एक मुलगी. गोष्ट बाईंनीच रचली होती, आणि शेवट मला अजिबात पसंत नव्हता. राणी यंत्र खाली ठेवते आणि म्हणते, ‘तुला जाळून माझा समुद्र परत आला असता, तर मी तुला जाळलं असतं.’

मी बाईंशी भांडले. ‘हे काय बाई? इतकी लांबून आली ती काय मायंदळ भाषण द्यायला? जाळलंच पाहिजे. लोक टाळ्या वाजवतील.’

‘वाजवतील की,’ बाई म्हणाल्या. ‘पण मग त्यानंतर ती राणी काय करेल गं? एकटीच त्या आकाशात?’

‘आपल्या घरी जाईल.’

‘घर तर आटलं ना तिचं,’ बाई म्हणाल्या, आणि मलमल ताणायला लागल्या. थोड्या वेळाने आपल्याशीच म्हणाल्या, ‘खरं सांगू का, मलाही नीट कळत नाही. जाळलं नाही तरी तिचं भलं होतंच असं नाही.’

मी का भांडत होते, ते बाईंना ठाऊक नव्हतं. विमलवर माझा दात होता, तोही वर्षभराचा.

आता फिशपॉन्डबद्दल सांगते, कारण हल्लीच्या पोरांना ते माहीत नाही. गॅदरिंगच्या दिवशी सकाळपासून शाळेच्या ओसरीवर एक मातीचा माठ ठेवायचे. ज्याला ज्याची थट्टा करायची असेल त्याने चिठ्ठी लिहायची, दोन ओळी जुळवायच्या, वर नाव घालायचं आणि माठात टाकायची. खाली सही नाही. कार्यक्रमाच्या शेवटी मुख्याध्यापिकाबाई एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचायच्या आणि जिच्या नावाची असेल तिच्या हातात द्यायच्या. शिक्षकांच्या नावाने यायच्या, पाहुण्या पालकांच्याही यायच्या. लोक पोट धरून हसायचे. आणि गंमत अशी की जिला चिठ्ठी आली ती लाजायची, पण जिला आली नाही ती रडायची. कारण मग तुम्ही कोणाच्या खिजगणतीतच नाही. नववीत माझ्या नावाने एकसुद्धा आली नव्हती. घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून अशी रडले की विचारू नका.

दहावीत आली. माझे बाबा भिक्षुकी करायचे, अमरावतीत आणि भातकुलीकडच्या खेड्यांत. पूजेत मिळालेल्या खणाचं आईने मला पोलकं शिवलं होतं, हिरवंगार, लाल काठाचं. गॅदरिंगला मी तेच घातलं होतं. आणि भर सभेत चिठ्ठी वाचली गेली:

‘दान-दक्षिणेचा खण, पोलकं झालं छान,
भटजीबुवांच्या लेकीचा वर्गात पहिला मान!’

काय हशा पिकला! हातात आलेली चिठ्ठी मी न बघताच चुरगाळून टाकली. मागच्या बाकावरची एक मुलगी तर ‘दक्षिणा द्या, दक्षिणा’ म्हणून हात पसरून मला दाखवू लागली. मला त्या पोलक्याचा असा राग आला की तिथल्या तिथे फाडून टाकावंसं वाटलं. बाबा मागे पुरुषांत बसले होते, त्यांच्याकडे वळून पाहायची माझी हिंमत झाली नाही. खण पूजेतला आहे हे मी एकाच व्यक्तीला सांगितलं होतं, विमलला. म्हणजे हिशेब सरळ होता. मी तिला काही विचारलं नाही. तिच्याशी बोलणंही सोडलं नाही. सोडलं असतं तर बरं झालं असतं.

उलट त्या वर्षी आम्ही आणखी जवळ आलो, निदान तिच्याकडून तरी. डिसेंबरात एकदा त्यांच्या गच्चीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो, आणि ती एकदम रडायलाच लागली. म्हणाली, ‘कुसुम, कोणाले सांगू नको. आमच्या बाबांकडे कोणी अशील येतच नाही. रोज कोट घालतात, सगळी बटणं लावतात, कचेरीत जातात आणि आवारातल्या निंबाखाली बसून राहतात. आई डब्यात चिवडा देते, तो खातात आणि येतात. घरी म्हणतात, आज लय काम होतं.’ मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. खरंच फिरवला, आणि मला वाईटही वाटलं. आणि त्याच वेळी, हे लिहिताना आजही मान खाली जाते, डोक्यात दोन ओळी जुळायला लागल्या होत्या.

अकरावीच्या गॅदरिंगच्या दिवशी सकाळी डाव्या हाताने, पेन्सिलीने, मी चिठ्ठी लिहिली आणि माठात टाकली. मग तोंडाला पावडर लावून पेटीत जाऊन बसले.

नाटकाला सगळी शाळा चिडीचूप होती. दुपार कलत आलेली, मंडपाच्या फटींतून ऊन, आणि त्यात कापूस तरंगतोय. मलमलीपलीकडे माणसं होती की नव्हती देव जाणे. मी विमलवर बॅटरी रोखली. जांभळा उजेड तिच्या तोंडावर पडला. तिला गोष्टीत घाबरायचं होतं, पण ती घाबरलीच नाही. माझ्याकडे बघत होती, अगदी विश्वासाने. मी म्हटलं, ‘तुला जाळून माझा समुद्र परत आला असता...’ आणि पुढचे शब्द म्हणताना मला पहिल्यांदा कळलं की ते खरे आहेत. मी तिला माफ केलं. मनापासून, अगदी आतून, त्या घोंगडीच्या आकाशाखाली. बॅटरी खाली ठेवली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी पेटीतून बाहेर उडी मारली आणि ओसरीकडे धावले. माठ तिथे नव्हता. माठ स्टेजवर, मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर होता.

‘कुमारी विमलच्या वडिलांस,’ बाई वाचू लागल्या:

‘रोज कचेरी, रोज कोट, बटणं सारी लावून,
अशील काही येत नाही, कावून बरं, कावून?’

वकीलसाहेब पहिल्या रांगेत होते. त्याच काळ्या कोटात. लोक हसले, आणि सगळ्यांत मोठ्याने हसले ते वकीलसाहेब. उठले, चिठ्ठी हातात घेतली, सभेला नमस्कार केला, घडी घालून खिशात ठेवली. मग खाली बसताना त्यांनी कोटाचं वरचं बटण काढलं. मग दुसरं. मग तिसरं. कोणाच्या लक्षात आलं नसेल. मी बघत होते. विमल माझ्या शेजारी उभी होती आणि तिने माझा हात धरला होता. काही क्षणांनी तिने तो सोडला.

दिवेलागणीला घरी आले तर बाबा ओसरीवर बसलेले. आईला बरं नव्हतं म्हणून ते आले नव्हते. ‘कशी झाली गॅदरिंग?’ म्हणाले. आणि मी, काय झालं होतं मला कोण जाणे, रडत रडत पण तोऱ्यात सगळं सांगून टाकलं. तिने तुमची थट्टा केली म्हणून मी तिच्या बाबांची केली. फिट्टंफाट.

बाबा म्हणाले, ‘अवं बाई, थे चिठ्ठी मीनंच टाकली होती.’

मला समजेना.

‘नववीत तुले एकबी चिठ्ठी आली नव्हती ना. तू रडून राहिली होती, मले पाहवलं नाही. म्हटलं औंदा आपणच टाकू. सकाळी पूजेले जाताना शाळेत गेलो आन टाकली. मले वाटलं, मान लिहिलाय, पोरगी खूश होईल. मंग तू पोलकं काढून फेकलं, तवा सांगायची हिंमत झाली नाही मले.’

आमच्याकडे लेकीला दागिने करता आले नाहीत म्हणून बाप खंतावतात. माझ्या बापाने लेकीसाठी थट्टा करून आणली होती. तिचा अर्थ त्याला कौतुक असाच ठाऊक होता. दिव्यांचा सण होता हो आमच्याकडे, आणि मला तोफा दिसल्या.

दुसऱ्या दिवशी गॅदरिंगची सुट्टी होती. बाबा आंघोळ करून लवकरच कुठेतरी बाहेर पडले. मी दहाच्या सुमाराला विमलकडे निघाले. गल्लीच्या तोंडाशीच वकीलसाहेब समोरून आले. कोट अंगात, सगळी बटणं लावलेली, हातात चिवड्याचा डबा. मला वाटलं होतं हा माणूस आज तोंड दाखवणार नाही. ते थांबले. ‘जा बेटा,’ म्हणाले, ‘विमल घरीच आहे. गणित करून राहिली.’ आणि कचेरीच्या रस्त्याला लागले. मी मनात म्हटलं, यांना माहीत नाही, सुटले बाई.

घरी विमलने दार उघडलं. मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, ‘काही बोलू नको. तिसरं उदाहरण सुटत नाहीये, ये.’ आम्ही गणितं केली. मार्चात मॅट्रिक झालो. पुढे ती लग्न होऊन अकोल्याला, जठारपेठेत गेली, आणि मी इथेच शिक्षिका झाले. साठ वर्षं झाली, मैत्री आहे. पण ती गोष्ट पुन्हा निघाली नाही. तिने मला माफ केलं, की न बोलून शिक्षा दिली, मी ठरवू शकले नाही. कधी एक वाटायचं, कधी दुसरं. बाबा मात्र त्यानंतर वकीलसाहेबांकडे पूजेला जाईनात. घसा बसलाय म्हणायचे आणि चुलत्यांना पाठवायचे. वकिलांकडून शिधा मात्र दर सणाला बाबांच्याच नावाने यायचा. मला वाटायचं, बाबांना माझी लाज वाटते.

काल शुक्रवार होता. शेवटचा भाग. कप्तानाने बराच वेळ अंगठा तसाच ठेवला, मग यंत्र वाफ्यात टाकून दिलं. म्हातारा रडला. कप्तान रडलासुद्धा नाही, नुसता उभा राहिला, कुठे जायचं ते न कळून. ईरा भडकली. ‘असा काय शेवट? मग आठ भाग कशाला दाखवले?’ ती चहा करायला उठली आणि माझा फोन वाजला. विमल.

‘पाहिलं का वं? सोडून देल्लं त्यानं,’ ती म्हणाली. तीही नातवाबरोबर बघते, मला आत्ता कळलं.

‘पाहिलं. तू असती तर?’

‘मी दाबलं असतं,’ विमल म्हणाली. ‘त्या दिवशी मी तुले जित्तं सोडणार नव्हती, कुसुम. गच्चीवरचं मी फक्त तुलेच सांगितलं होतं.’

साठ वर्षांनी. मी पलंगावर बसले. म्हटलं, ‘मग कावून नाही दाबलं?’

‘तुझे बाबा आले होते त्या सकाळी. मी दाराआड होती. आमच्या बाबांपुढे हात जोडून म्हणाले, वकीलसाहेब, कालची चिठ्ठी मीनं टाकली, मले माफ करा. बाबांनी इचारलं, कशानं लिहिली होती? ते म्हणाले, दौत-टाकानं, मी कायम त्यानंच लिहितो. बाबांनी सदऱ्याच्या खिशातून चिठ्ठी काढली. पाहिली. पेन्सिलीची होती.’

‘मग?’

‘मग काय? चिठ्ठी परत खिशात ठेवली. म्हणाले, साक्ष ऐकली, गुरुजी, खटला खारीज. तुझे बाबा रडत गेले. पोरीले सांगू नका म्हणाले, बाबांनी मलेही शपथ घातली. आता दोघंही नाहीत, शपथ कोणाची पाळू? आयुष्यात एवढी एकच उलटतपासणी जिंकले बाबा. मंग उठले. खुंटीवरचा कोट काढला. सारी बटणं लावली, आन कचेरीत गेले.’

‘म्हणजे मला गल्लीत भेटले तेव्हा...’

‘माहीत होतं त्याइले,’ विमल म्हणाली.